कोयनेचा भेक आणि आमची चित्रकला

प्रतिवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह पाळला जातो व त्या निमित्ताने आमच्या शाळेत चित्रकलेची स्पर्धा भरते, हे वाचकांस ठाऊक आहेच. तीन वर्षांपूर्वी स्पर्धेचा विषय ‘बदलते हवामान आणि वन्यप्राणी’ असा होता आणि परीक्षणाचे काम आम्हांकडे आले होते. आलेल्या चित्रांपैकी निम्म्याहून अधिक चित्रांत एकच प्राणी होता. निळ्या समुद्रात वितळत चाललेला हिमखंड आणि त्यावर एकटेच उभे राहिलेले पांढरे अस्वल! पहिले बक्षीस अशाच एका अस्वलास मिळाले. चित्र सुबक होते, रंग स्वच्छ होते आणि अस्वलाच्या डोळ्यांत कारुण्यही होते. ते एका छापील चित्रावरून उतरविले आहे, हे आम्हांस दिसत होते. परंतु बहुतेक चित्रे तशीच असल्यामुळे त्याचे आम्हांस काही वाटले नाही.

एक चित्र मात्र निराळे होते. कोयनानगरच्या बाजूच्या एका खेड्यातून येऊन आमच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थिनीने ते काढले होते. काळसर खडकावर ओंजळभर पाण्याचे डबके आणि त्याच्या कडेला बसलेला मातकट रंगाचा एक लहानसा बेडूक, एवढेच त्यात होते. बेडकाच्या कुशीवर मात्र पिवळेजर्द ठिपके काढले होते. आम्ही चित्राच्या पाठीमागे लाल शाईने शेरा मारला : “विषयास सोडून. ठिपके काल्पनिक.” चित्र परत घेताना ती मुलगी हळूच म्हणाली, “सर, त्याला ठिपकं असत्यात. मी मोजल्यात.” आम्ही मान हलविली व पुढचे चित्र हाती घेतले.

पुढे काही महिन्यांनी सह्याद्रीतील प्राण्यांविषयी वाचीत असता आम्हांस कळून आले की, ती मुलगी सर्वस्वी बरोबर होती व आम्ही चुकलो होतो. तो बेडूक विषयास सोडून तर नव्हताच. उलट साऱ्या स्पर्धेत विषयाच्या गाभ्याला हात घालणारे तेवढे एकच चित्र होते. प्रस्तुत लेख त्या लाल शेऱ्याची दुरुस्ती म्हणून लिहीत आहोत. विद्यार्थ्यांनी त्यातून काही शिकावे अशी आमची इच्छा आहे. परंतु प्रथम आम्हांस काय शिकावे लागले, तेच सांगितले पाहिजे.

१. कोयनेचा भेक

कोयनानगर हे नाव उच्चारताच आपणांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात. एक धरण आणि त्याच्यामागे पसरलेला शिवाजीसागर, व दुसरी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. त्या खोऱ्यातील अरण्य १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ४२३ चौरस किलोमीटर आहे. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानासह ते २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाची जी स्थळे जागतिक वारशाच्या यादीत नोंदली गेली, त्यांत कोयनेचे अभयारण्य आहे. तेथील बिबट्या, गवा, अस्वल, सांबर, शेकरू व धनेश यांची नावे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस सांगता येतात. परंतु ज्याच्या शास्त्रीय नावातच कोयना आहे, असा एक प्राणी या खोऱ्यात राहतो, हे आम्हांस स्वतःस वयाच्या चाळिशीनंतर कळले.

बेडकाच्या वर्गातील ज्या प्राण्यांची कातडी खरखरीत व पुळ्यांनी भरलेली असते आणि जे उड्या मारण्यापेक्षा सरपटत चालल्यासारखे चालतात, त्यांस भेक म्हणतात. १९६३ साली सोमण या शास्त्रज्ञांनी कोयनेच्या जलाशयानजीकच्या हुंबरळी गावी सापडलेल्या एका भेकाचे वर्णन करून त्यास कोयनेचे नाव दिले. १९५६ साली सुरू झालेले धरणाचे बांधकाम तेव्हा पुरे होत आले होते. खोऱ्यातील गावे पाण्याखाली जात होती, माणसे घरदार सोडून दूर जात होती, आणि त्याच वर्षांत या लहानग्या प्राण्यास जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत प्रथमच नाव मिळत होते.

पुढे २००९ साली शास्त्रज्ञांनी या भेकासाठी एक स्वतंत्र प्रजाती (जीनस) स्थापिली व तीस ‘झॅन्थोफ्राइन’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘झॅन्थोस’ म्हणजे पिवळा व ‘फ्राइन’ म्हणजे भेक. पिवळा भेक! आमच्या विद्यार्थिनीने काढलेले आणि आम्ही ‘काल्पनिक’ ठरविलेले ठिपके या प्राण्याच्या नावातच होते. या प्रजातीतील दोनच जातींचे भेक जगाला ठाऊक आहेत. एक हा कोयनेचा, व दुसरा सिंधुदुर्गातील आंबोलीचा. त्या दुसऱ्यास अंगावरील पट्ट्यांमुळे वाघाचे नाव मिळाले आहे. दोघेही महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या अरुंद पट्ट्याबाहेर पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नाहीत. जगातील धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत दोघांचीही नोंद आहे.

पांढऱ्या अस्वलाविषयी चिंता करणारे लोक जगात पुष्कळ आहेत, आणि ते असावेत हे योग्यच. परंतु कोयनेच्या भेकाविषयी कोणी चिंता करावयाची असेल, तर ती पाटण तालुक्यातील माणसांनी व त्यांच्या शेजाऱ्यांनीच प्रथम केली पाहिजे.

२. खडकावरचे डबके

आता विद्यार्थी विचारतील की, या भेकाचा आणि हवामानाच्या बदलाचा संबंध काय? तो संबंध नीट समजून घेतल्यावाचून चित्र काढू नये, कारण न समजता काढलेले चित्र पाहणाऱ्यासही काही समजावीत नाही.

बेडूक व भेक हे उभयचर होत. त्यांच्या अंड्यांस पक्ष्यांच्या अंड्यांप्रमाणे टणक कवच नसते; बुळबुळीत गरात गुंडाळलेली ती अंडी पाण्याबाहेर पडली की सुकून जातात. मोठे झाल्यावरही त्यांची कातडी पातळच राहते व तिच्यातून ते श्वास घेतात आणि पाणी शोषतात. म्हणून ऊन, ओल व पाऊस यांत थोडा फेरफार झाला, तरी इतर प्राण्यांच्या आधी तो उभयचरांच्या अंगास लागतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या खडकाचे विस्तीर्ण सपाट भाग आहेत. आपण त्यांस सडा म्हणतो. पहिला पाऊस पडला की सड्यावरील खळग्यांत पाणी साचते. आंबोलीचा भेक, म्हणजे कोयनेच्या भेकाचा सख्खा भाऊबंद, याच उथळ डबक्यांत मोसमी पावसाच्या तोंडावर अंडी घालतो. मोठ्या तळ्यात मासे व इतर भक्षक असतात. डबक्यात ते नसतात, हा त्याचा लाभ. परंतु डबके बोटभर खोल. मध्येच आठ दिवस उघडीप पडली तर ते आटते आणि अंडी खडकास चिकटून वाळतात. याउलट एकाच रात्री धो धो पाऊस कोसळला तर सारे वाहून जाते. पिढी टिकावयाची तर पाऊस वेळेवर सुरू झाला पाहिजे, आणि एकदा सुरू झाल्यावर तो बेताने पडत राहिला पाहिजे.

आणि बिघडत चालले आहे ते नेमके हेच. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. कोळसा व खनिज तेल जाळल्याने वातावरणात वाढलेला कर्बवायू हे त्याचे मुख्य कारण होय. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते; म्हणून पाऊस जेव्हा पडतो तेव्हा तो अधिक जोराने पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, गुजरात व महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाले. आणि याच काळात मोसमी पावसाची एकंदर बेरीज मात्र घटली. म्हणजे पाऊस कमी, परंतु जेव्हा येतो तेव्हा आडदांडपणे येणारा.

आमच्या जिल्ह्यास हे निराळे सांगावयास नको. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून झोपेतली माणसे गाडली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली कृष्णेच्या पुराने वेढली गेली होती. येथे एक गोष्ट सावधपणे ध्यानात ठेविली पाहिजे. एका वर्षीचा पूर किंवा एका वर्षीचा दुष्काळ म्हणजे हवामानबदल नव्हे. हवामान हा शब्द किमान तीस वर्षांच्या सरासरीस लावावयाचा असतो. एका वर्षावरून निष्कर्ष काढणारा चित्रकार, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो, लोकांचा विश्वास गमावून बसतो. त्याचप्रमाणे भेकास एकच संकट भेडसावीत नाही. रस्ते, बांधकामे, आगी, सड्यांची तोडफोड हीही कारणे आहेतच. हवामानबदल त्या साऱ्यांवर येऊन बसतो, जसा कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यावर पावसाचा ताण.

असा प्राणी खरोखर नाहीसा होऊ शकतो काय? याचे उत्तर मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात मिळते. तेथील माँटेव्हर्देच्या ढगाळ अरण्यात सोनेरी भेक नावाचा नारिंगी रंगाचा भेक राहत असे. पाऊस सुरू झाला की झाडांच्या मुळांशी साचलेल्या उथळ डबक्यांत शेकडो भेक अंडी घालण्यास जमत. १९८७ साली दीड हजारांच्या आसपास भेक तेथे दिसले होते. परंतु त्या वर्षी डबकी आटली व बहुतेक अंडी वाया गेली. १९८९ साली एकच भेक दिसला. त्यानंतर तो कोणास दिसलेला नाही, आणि २००४ साली तो नामशेष म्हणून जाहीर झाला. अवर्षण व बुरशीचा एक रोग या दोहोंकडे शास्त्रज्ञ बोट दाखवितात. २०२३ साली जगातील उभयचरांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. आणि अलीकडच्या दोन दशकांत ज्यांची स्थिती खालावली, त्यांच्या बाबतीत हवामानबदल हे अग्रगण्य कारण ठरले.

३. चित्र काय करू शकते

शास्त्रज्ञांनी एवढे सारे लिहून ठेविले असता चित्रकाराचे काय काम उरले, असा प्रश्न काही पालक आम्हांस विचारतात. आमच्या मते चित्राची तीन कामे आहेत, आणि प्रत्येकाचा एकेक दाखला देता येईल.

चित्र साक्ष ठेविते, हे पहिले काम. बादशहा जहांगीर याच्या पदरी मन्सूर नावाचा चित्रकार होता. बादशहास पशुपक्ष्यांचा मोठा नाद. नवा प्राणी दृष्टीस पडला की तो त्याचे चित्र काढवून घेई. मन्सूरने सैबेरियातून हिवाळ्यात हिंदुस्थानात येणाऱ्या शुभ्र क्रौंच पक्ष्याचे चित्र काढले आहे. मॉरिशस बेटावरील डोडो पक्ष्याचे एक चित्रही त्याचेच मानले जाते. डोडो त्याच शतकात पृथ्वीवरून नाहीसा झाला. जिवंत डोडो पाहून काढलेल्या मोजक्या रंगीत चित्रांत त्या चित्राची गणना होते. आणि तो शुभ्र क्रौंच राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत अखेरचा दिसला तो २००२ च्या सुमारास. त्यानंतर तो तेथे आलेला नाही. या दोन्ही पक्ष्यांचा घात शिकारीने व वस्तीस्थाने उद्ध्वस्त झाल्याने झाला, हवामानाने नव्हे. परंतु चित्राचे महत्त्व त्यामुळे उणे होत नाही. मन्सूरला पुढचे काही ठाऊक नव्हते. त्याने समोरचा पक्षी लक्षपूर्वक पाहिला व जसा होता तसा काढला. चारशे वर्षांनी त्याच्या कुंचल्याची साक्ष आपल्या उपयोगी पडत आहे.

दुसरे काम म्हणजे दूरची गोष्ट जवळ आणणे. ओलाफुर एलियासन या कलावंताने भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांच्या साहाय्याने ग्रीनलंडच्या हिमनदीतून सुटून समुद्रात तरंगणारे बर्फाचे प्रचंड ठोकळे शहरात आणविले आणि भर चौकात मांडले. प्रथम २०१४ साली कोपनहेगन येथे, पुढे २०१५ साली पॅरिसमध्ये व २०१८ साली लंडनमध्ये. लोक येत, बर्फास हात लावीत, कान टेकवून त्यातील बुडबुड्यांचा आवाज ऐकत आणि दिवसागणिक ते ठोकळे लहान होताना पाहत. ज्या बर्फाची वार्ता त्यांनी शंभर वेळा वाचली होती, तो त्यांच्या हातास प्रथमच गार लागला. छापील अस्वलावरून उतरविलेल्या अस्वलास हे साधत नाही, कारण काढणाऱ्याच्या हातासच तो गारवा ठाऊक नसतो.

तिसरे काम आकड्यास रूप देणे. एड हॉकिन्स या इंग्लंडातील हवामानशास्त्रज्ञाने २०१८ साली एक अगदी सोपी युक्ती लोकांपुढे मांडली. प्रत्येक वर्षासाठी एक उभी पट्टी. वर्ष थंड असेल तर निळी, उष्ण असेल तर तांबडी, आणि जितके अधिक उष्ण तितका रंग गडद. अशा पट्ट्या क्रमाने शेजारी शेजारी लावल्या की डावीकडे निळे व उजवीकडे लालभडक असे चित्र तयार होते. त्यावर एकही अक्षर नसते. तथापि लहान मूलही ते वाचू शकते. आमच्या विद्यार्थ्यांस हे चित्र काढण्यास खडूच्या पेटीपलीकडे काहीच लागणार नाही.

साहित्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. महाग रंगांवाचून चित्र होत नाही, हा समज सोडून द्यावा. पालघर जिल्ह्यातील जिव्या सोमा मशे यांनी शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाने वारली चित्रे काढून आपल्या जमातीची कला जगभर नेली; २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. माणूस, झाड, पशू व पक्षी यांस एकाच भिंतीवर, एकाच पांढऱ्या रंगात जागा देणारी ती दृष्टी आमच्या विषयास फार जवळची आहे. कोळसा, गेरू व तांदळाचे पीठ एवढे साहित्य ज्या घरात नाही, असे घर आमच्या शाळेत येणाऱ्या एकाही मुलाचे नसेल.

४. चित्र कसे काढावे

गेल्या जून महिन्यात आम्ही दहावीच्या काही विद्यार्थ्यांस घेऊन कोयनानगर येथे गेलो. ती विद्यार्थिनी आता त्याच वर्गात होती. तिने आम्हांस आपल्या गावामागच्या खडकाकडे नेले. मेअखेरीस पहिला पाऊस झाला होता. पुढे आठवडाभर कडक ऊन पडले होते. खडकावरील जे डबके तीन वर्षांपूर्वी तिने काढले होते, ते आटले होते. तळाशी वाळलेल्या चिखलाची पापडी होती आणि तिच्या कडेला चिकटून सुकलेल्या गराचा एक पातळ पापुद्रा होता. कोणी काही बोलले नाही. तिने दप्तरातून एक चाळीस पानी वही काढली. तीत त्याच डबक्याची तीन पावसाळ्यांतील चित्रे होती. कोठे पाणी भरलेले, कोठे अर्धे, कोठे कोरडे. कोठे भेक बसलेला, कोठे नुसती जागा. पाण्याची खोली तिने काडी बुडवून मोजली होती व काडी चित्रातच काढली होती. हे तिला कोणी शिकविले नव्हते. आम्ही तर नव्हेच.

त्या वहीवरून आम्ही खालील नियम तयार केले आहेत. ते आमचे नाहीत, तिचे आहेत.

पहिला नियम : जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असेल तेच काढावे. आपल्या भाषेत कूपमंडूक हा शब्द निंदेचा आहे, आणि ज्याने आपल्या विहिरीपलीकडे काही पाहिले नाही त्यास तो लागू पडतोही. परंतु आमच्या मुलांची आज उलटीच अवस्था झाली आहे. उत्तर ध्रुवावरचे अस्वल त्यांस ठाऊक असते. घरामागच्या विहिरीतला बेडूक ठाऊक नसतो. प्रथम आपली विहीर नीट पाहावी, मग जग पाहावे.

दुसरा नियम : एकच जागा निवडावी व पुनःपुन्हा तेथेच जावे. एक डबके, एक झाड, एक ओढा. एका चित्राने बदल दिसत नाही; दहा चित्रे शेजारी ठेविली की दिसतो.

तिसरा नियम : मोजावे. ठिपके किती, पाणी किती बोटे, पान किती मोठे. मोजल्याने चित्र रुक्ष होते असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः मोजताना नजर स्थिरावते, आणि एरवी न दिसणारे दिसू लागते.

चौथा नियम : दया उत्पन्न करण्यासाठी खोटे काढू नये. प्राण्याच्या डोळ्यांत अश्रू काढण्याची मुलांस हौस असते. भेक रडत नाही. त्याचे डबके आटते, एवढेच खरे आहे. आणि ते जसेच्या तसे काढले तर पाहणाऱ्याचे मन आपोआप हलते.

पाचवा नियम : प्राण्यास उपद्रव देऊ नये. भेक हाती धरू नये, दगड उलथू नयेत, डबक्यात पाय घालू नये, आणि परवानगीवाचून अभयारण्याच्या हद्दीत शिरू नये. शेताच्या बांधावर व घराच्या परसात पाहण्यासारखे पुष्कळ असते.

सहावा नियम : प्रत्येक चित्रावर तारीख व ठिकाण लिहावे. याविषयी शेवटी अधिक सांगू.

यांखेरीज सर्व वर्गांनी मिळून करावयाचे एक काम आम्ही सुचवितो. कोयना, नवजा व महाबळेश्वर येथील पाऊस पावसाळ्यात वृत्तपत्रांत रोजच्या रोज छापून येतो. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस होतात. लांब कागदावर १२२ उभ्या पट्ट्या आखाव्या. कोरड्या दिवसाची पट्टी पांढरी ठेवावी, थोड्या पावसाची फिकट निळी, अतिवृष्टीची गडद निळी. वर्षाअखेर हा कागद शाळेच्या भिंतीवर लावावा व पुढच्या वर्षी त्याच्याखाली दुसरा. पहिल्या एक-दोन वर्षांत त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही, हे विद्यार्थ्यांनी आधीच समजून असावे. परंतु तीस वर्षांनी आजच्या विद्यार्थ्यांची मुले त्या भिंतीपुढे उभी राहतील, तेव्हा उघडिपीचे पांढरे पट्टे रुंदावले की नाही व गडद पट्ट्या वाढल्या की नाही, हे त्यांस एका दृष्टिक्षेपात कळेल. असे चित्र कोणा एकट्याच्या हातून पुरे होत नाही. शाळेसारख्या दीर्घायुषी संस्थेनेच ते हाती घ्यावे.

५. पालकांस दोन शब्द

चित्रकलेचा तास म्हणजे गणित व शास्त्र यांच्या मध्ये मिळालेली विश्रांती, असे पुष्कळ पालक समजतात. मुलगा एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षा देतो तोही चार गुण पदरात पडावेत म्हणून. त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. कारण आम्ही शिक्षक असूनही सुबक नकलेस बक्षीस दिले आणि खऱ्या निरीक्षणावर लाल शाई चालविली. आमची विनंती इतकीच की, आपला मुलगा अथवा मुलगी परसात उकिडवे बसून तासभर एखाद्या किड्याकडे पाहत असेल, तर त्यास वेळ दवडणे म्हणू नये. आणि आपणांस लहानपणी पाऊस कधी लागत असे, कोणता पक्षी केव्हा येत असे, कोणत्या ओढ्यास कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे, हे मुलांस सांगावे व त्यांच्याकडून त्याचे चित्र काढवून घ्यावे. ज्या वर्षांची चित्रे मुलांच्या वहीत नाहीत, ती वर्षे आपल्या आठवणीतून त्यांस मिळतील.

कोयनानगरहून परत आल्यावर आम्ही त्या मुलीस तिचे जुने चित्र मागितले. तिने ते जपून ठेविले होते. सर्व वर्गासमक्ष आम्ही आपली चूक सांगितली व पाठीमागचा लाल शेरा खोडून टाकला. मग तिला विचारले, “आता याच्या जागी काय लिहू?” आम्हांस वाटले, ती ‘उत्तम’ असे काही सुचवील किंवा लाजून गप्प बसेल. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, त्या चित्रावर तारीख घालायची राहिली होती. तेवढी घाला.”

आम्ही तारीख घातली. तेच चित्र आता आमच्या चित्रकलेच्या वर्गात दारासमोर लावले आहे.